हौसाचा सा

"घसा खाकरू नका, पाणी प्यायला जाऊ नका. एकेकानं उभारायचं, नुसता 'सा' म्हणायचा आणि बसायचं," हुक्केरी सर म्हणाले आणि त्यांनी पेटीचा भाता उघडला.

सातवीचा आमचा वर्ग गप्प झाला. नव्या संगीत सरांचा तो पहिलाच तास होता. सर बेळगावकडचे. उंच, किडकिडीत, बोलताना शब्दांना हेल काढणारे. शाळा धरणाच्या कॉलनीतली. माझे वडील धरणावर उपअभियंता होते. वर्गात चौतीस मुलं. निम्मी माझ्यासारखी कॉलनीतली आणि निम्मी पुनर्वसनातली. ज्यांची गावं धरणाखाली गेली त्यांना टेकडीपलीकडे नवी घरं बांधून दिली होती. त्या वस्तीला सगळे 'पुनर्वसन' म्हणत आणि तिथल्या मुलांना 'पुनर्वसनातली पोरं'.

आधीच्या बाईंच्या वेळी संगीताचा तास ठरलेला असे. गाणारी मुलं पुढे सतरंजीवर, बाकीची मागे बाकांवर. मागच्यांनी शुद्धलेखन लिहायचं आणि आवाज करायचा नाही. सतरंजीवर आम्ही दहा-बारा जण असायचो, आणि त्यात मी मधोमध. मी पाचवीपासून गाणं शिकत होते. कॉलनीच्या गणेशोत्सवात माझं गाणं ठरलेलं असायचं.

त्यामुळे त्या दिवशी पहिली मीच उठले आणि माझा 'सा' लावला. सर म्हणाले, "छान. बस."

एवढंच. मला वाटलं होतं, ते नाव विचारतील, कुणाकडे शिकतेस विचारतील. ते पुढच्या मुलाकडे वळले होते.

मागच्या बाकावरच्या बाळू कोकरेनं मुद्दाम शेळीसारखा आवाज काढला. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "शेळीचा असला तरी सा आहे तो. जरा लांब कर बघू." बाळूला ते अपेक्षित नव्हतं. त्यानं खरंच लांब केला, आणि तो बऱ्यापैकी सुरात होता.

शेवटच्या बाकावर हौसा शेलार बसायची. एकटीच. पुनर्वसनातली, त्याच वर्षी शाळेत आलेली, आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, अंगानं थोराड. ती उभी राहिली आणि खाली बघत राहिली.

"म्हण बाळ."

तिनं मान आणखी खाली घातली.

"राहू दे. पुढच्या तासाला."

पुढच्या तासालाही ती तशीच उभी राहिली. सर पुन्हा म्हणाले, "राहू दे." तिसऱ्या तासाला सर वहीत काहीतरी लिहीत होते, तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, तेव्हा तिनं 'सा' म्हटला.

तो आवाज जाड, खालचा आणि एकदम सरळ होता. धरणावर सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजायचा. पुढून कोणीतरी "भोंगा!" म्हणालं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले. हौसा थांबली.

"थांबू नको," सर म्हणाले. "पुन्हा म्हण. मी थांब म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

तिनं पुन्हा लावला. सरांची बोटं पेटीवर तिचा सूर शोधायला लागली. माझी गायची पट्टी पेटीवर काळी चार. तिथून बोटं खाली येत येत पांढऱ्या तीनवर थांबली. सूर जुळला. हौसाचा श्वास काही संपेना. आम्ही हसायचं विसरून बघत राहिलो.

"एवढा दम कुठनं आणलीस गं?"

"आबा नदीपल्याड असायचं सर. भाकर खायाला या म्हनून हाळी घालायची."

"आणि आता?"

"आता न्हाई घालत. नदी कुठं ऱ्हायली?"

सरांनी तोच सूर पेटीवर पुन्हा दाबला. मग म्हणाले, "हौसा, तू धरून ठेव. बाकी सगळ्यांनी तिच्या 'सा'वर येऊन बसायचं. घाई नाही. ज्याला जसं जमेल तसं या."

आधीच्या दोन तासांना वर्ग एकत्र 'सा' म्हणायला लागला की भाजीबाजार वाटायचा. त्या दिवशी एकेक आवाज चाचपडत आला आणि तिच्या आवाजाला टेकला. बाळू टेकला, कॉलनीतली कधीच न गाणारी शमा टेकली. शेडच्या पत्र्यातून बारीक गुणगुण यायला लागली. आमचा तास सुतारकामाच्या शेडमध्ये व्हायचा.

"आजपासून आपल्या वर्गाची पट्टी ही," सर म्हणाले.

मी हात वर केला. "सर, माझी पट्टी काळी चार आहे."

"आहे की. घरी गा की तुझ्या पट्टीत. इथं चौतीस जण आहेत."

सगळे हसले. माझे कान तापले.

दिवाळीनंतर जिल्ह्याच्या समूहगीत स्पर्धेचं पत्रक आलं. सरांनी एक गाणं स्वतः बसवलं, 'उजळली वाट गं सयांनो'. त्यात चौतीसच्या चौतीस जण होते. हौसा आणि आणखी पाच-सहा जण खालचा 'सा' धरायचे आणि त्यावर बाकीचं गाणं चालायचं. तिसऱ्या कडव्यातली एक ओळ एकटीनं म्हणायची होती, ती सरांनी मला दिली. पण पांढऱ्या तीनमध्ये माझी ती ओळ खाली पडायची. माझ्या पट्टीत जी जागा लखकन चमकली असती, ती इथे नुसती येऊन जायची. आई घरी म्हणाली, "इतक्या खाली गाऊन आवाज बसेल हो तुझा." मी रोज त्या ओळीपाशी आले की मागच्या रांगेतून येणारा हौसाचा आवाज ऐकायची आणि मला तिचा राग यायचा.

मुख्याध्यापक पाटणकर सरांना चौतीस जणांचं गाणं पसंत नव्हतं. ते शेडच्या दारात येऊन म्हणाले, "हुक्केरी, स्पर्धेला निवडक मुलं न्यायची असतात. ही काय जत्रा आहे?"

"एकदा ऐका सर. मग ठरवा."

"शनिवारी ऐकतो. जमलं नाही तर बारा जण घ्यायचे. आणि देवस्थळींची मुलगी पुढे हवी. पट्टी तिची."

देवस्थळींची मुलगी म्हणजे मी, वृंदा.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत हौसा पाण्याच्या टाकीजवळ एकटीच उभी होती. मी तिच्याजवळ गेले. काय बोलायचं ते मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं.

"हौसा, जरा इकडे ये ना." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला टाकीच्या मागे नेलं. "सरांचा निरोप आहे. उद्या तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस. मोठ्या सरांना तुझा आवाज बरा वाटणार नाही म्हणून."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सर म्हनलं?"

"हो."

"मला सांगाय तुला म्हनलं?"

"हो. मलाच."

"बरं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "आजून काय सांगायचं हाय?"

"नाही. एवढंच."

मी निघाले. बऱ्याच अंतरावरून वळून बघितलं, तर ती अजून टाकीमागेच उभी होती.

शनिवारी पाटणकर सर खुर्ची टाकून बसले. हुक्केरी सरांनी सूर दिला आणि हाताची खूण केली. खालचा 'सा' सुरू झाला, पण त्यात काही अंगच नव्हतं. खाली धरणारी बाकीची मुलं हौसाच्या भरवशावर होती. ती गोंधळून तिच्याकडे बघायला लागली. हौसाचे ओठ हलत होते. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्यात वर्ग हळूहळू वर सरकत गेला, पेटी एकीकडे आणि मुलं एकीकडे. बाळू कोकरेनं गाणं सावरायला मोठ्यानं ओरडून म्हटलं आणि आणखीच बिघडलं. माझी ओळ यायच्या आधीच पाटणकर सरांनी हात वर केला.

"पुरे. हुक्केरी, बारा जण घ्या."

ते गेल्यावर सर उठून थेट शेवटच्या रांगेकडे गेले. मला वाटलं, आता ती सांगणार.

"काय झालं गं हौसा? आवाज लागला नाही?"

हौसानं एकदा माझ्याकडे बघितलं.

"घसा बसलाय सर," ती म्हणाली.

"असं होय," सर म्हणाले. "मग काय करणार." ते परत आले आणि पेटी बंद करायला लागले. भात्याची कडी त्यांच्या हातून दोनदा निसटली.

सोमवारी बारा जणांची यादी लागली. मी पुढे, मधोमध. पट्टी काळी चार. मला हवं होतं तसंच सगळं झालं होतं. मागच्या बाकांवर बावीस मुलं शुद्धलेखनाच्या वह्या उघडून बसली. बाळूनं लिहिता लिहिता ताल धरला तर शमानंच त्याला गप्प केलं, "आपण नाही आहोत त्यात."

मी माझी ओळ म्हटली. जागा अगदी हवी तशी लागली. सर म्हणाले, "बरोबर आहे." त्यांचा चेहरा मात्र बघवत नव्हता.

तास संपायला आला तेव्हा सर खिशातून कागदाची पुडी काढून मागे गेले.

"हौसा, हे ज्येष्ठमध आहे. बेळगावहून माझ्या आईनं पाठवलेलं. काडी तोंडात धरून ठेवायची, रस गिळायचा. चार दिवसांत घसा मोकळा होईल. आपलं गाणं गेलं तर गेलं, घसा राहिला पाहिजे."

हौसानं दोन्ही हातांनी पुडी घेतली. तिच्या घशाला काहीच झालेलं नव्हतं. तरी तिनं सरांसमोर एक काडी तोंडात घातली आणि गंभीरपणे चघळायला लागली. सर तिथे उभे राहून बघत होते. "गोड लागतंय ना?" त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली.

माझ्याच्यानं ते बघवेना.

शाळा सुटल्यावर मी पुन्हा शेडकडे गेले. सर एकटेच पेटीवर फडकं मारत होते.

"सर, हौसाचा घसा बसलेला नाही."

"मग?"

"मी तिला सांगितलं गाऊ नकोस म्हणून. तुम्ही सांगितलंय असं सांगितलं."

हे मी दाराशीच उभी राहून बोलले. आत जायचा धीर होत नव्हता. सरांनी फडक्याची घडी केली, ती मोडली, परत केली.

"का केलीस?"

"माझी ओळ खाली जात होती. ती… चमकत नव्हती." मला रडू फुटलं. "मी एवढी शिकले, आणि सगळे तिच्या पट्टीत."

मला वाटलं, आता सर ओरडतील. मला तर ते हवंच होतं. सरांनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आत ये. बस." मी सतरंजीच्या कडेला बसले.

"तू केलीस ते फार वाईट केलीस. ते सांगायला नको, तुला कळलंय, म्हणून तर आलीस. पण माझं पण एक चुकलं. तुला येतंय म्हणून मी तुझ्याकडं बघितलोच नाही. मागच्यांना पुढं आणायच्या नादात तुला सोडून दिलो." त्यांनी पेटी उघडली, पांढऱ्या तीनचा 'सा' दाबून धरला आणि माझी ओळ वरच्या पंचमापासून वाजवली. "अशी म्हटलीस तर?"

मी म्हटली. सर वाजवत होते त्या खालच्या सुरावरून ती वर उठली आणि चमकली. इतकं सोपं होतं ते. नुसतं विचारलं असतं तरी झालं असतं.

"आता हे मोठ्या सरांना कोण सांगणार?"

"मी," मी म्हणाले.

"मी येतो बरोबर. पण बाहेर उभारणार. बोलायचं तू."

पाटणकर सरांसमोर मी काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की टेबलावर काचेखाली धरणाचा नकाशा होता आणि मी त्याच्याकडेच बघत बोलत होते. ते म्हणाले, "देवस्थळी साहेबांची मुलगी तू! मी हे त्यांच्या कानावर घालणार आहे." त्यांनी ते घातलंही. घरी बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि आई माझी बाजू घ्यायला गेली तर तिच्याशीही नाही. पण पाटणकर सरांनी आणखी एक गोष्ट केली. बुधवारी ते न सांगताच शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

त्या तासाला हुक्केरी सरांनी पहिल्यांदा हौसाला पुढे बोलावलं होतं. "हौसा, गाऊ नको असं मी म्हटलो नव्हतो. कधी म्हणणार पण नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एकटीची ओळ वृंदाचीच. पण पुढं उभारून नाही. मागं हौसाच्या शेजारी उभारून म्हणायची."

मी मागच्या रांगेत गेले. तिच्या इतक्या जवळ उभी राहून मी तिचा सूर तोपर्यंत कधी ऐकलाच नव्हता. तो कानांपेक्षा पाठीलाच जास्त जाणवत होता. चौतीस जणांनी सगळं गाणं म्हटल्यावर पाटणकर सर निघाले. दहा पावलं गेल्यावर वळले आणि म्हणाले, "चौतीस जण जीपमध्ये बसणार नाहीत. ट्रकचं बघायला लागेल."

स्पर्धेला आम्ही धरणाच्या ट्रकमधून गेलो. खाली ताडपत्री, वर आम्ही. जिल्ह्याच्या गावच्या त्या सभागृहात एवढी माणसं होती की रंगमंचावर गेल्या गेल्या मी माझी ओळ मनात घोकायला लागले. कॉलनीतल्या मांडवात गाणं वेगळं आणि हे वेगळं. तिसरं कडवं आलं. माझ्या ओळीच्या वेळी बाकी सगळे थांबायचे, फक्त खालचा 'सा' चालू राहायचा. मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही.

हौसानं 'सा' सोडला नाही. समोरच बघत तिनं तो लांबवत नेला, हुक्केरी सरांनी पेटीवर एक आवर्तन जास्त वाजवलं, आणि तिनं मागच्या मागे माझं मनगट घट्ट धरलं. मी श्वास घेतला आणि ओळ म्हटली. थोडी कापत होती. पण म्हटली.

आमचा नंबर आला नाही. पहिलं आलं ते मोठ्या शहरातल्या शाळेचं गाणं, त्यात दहा मुली होत्या आणि सगळ्यांच्या वेण्यांना सारख्या फिती. बाळू कोकरे म्हणाला, "सर, आपन जास्त हुतो म्हनून दिला न्हाई व्हय?" सर म्हणाले, "तसं समज की." आणि त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

परतताना घाटात उन्हं तिरपी झाली होती. पुढच्या बाजूला मुलं केबिनच्या टपावर ताल धरून गात होती. हौसा आणि मी ट्रकच्या मागच्या फळीला टेकून बसलो होतो. तिची माफी मी आधीच मागितली होती, सगळ्या वर्गासमोर, आणि ती "बरं" म्हणाली होती. पण एक गोष्ट मला राहून राहून टोचत होती.

"हौसा, सरांनी तुला विचारलं तेव्हा तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

ती रस्त्याकडे बघत होती. "कशाला सांगू?"

"मी सांगितलं ते तुला खरंच वाटलं होतं?"

"न्हाई. हुक्केरी सर आसं म्हनायचं न्हाईत. मला तवाच ठावं हुतं."

"मग गायली का नाहीस?"

तिनं परकराची कड बोटाभोवती गुंडाळली, सोडली. तिला सांगायचं नव्हतं. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली,

"जूनपासनं त्या वर्गात बसतीया मी. कॉलनीतली एक पोरगी माझ्यासंगं बोल्ली न्हाई. तू पयली. खांद्यावर हात ठिवून 'इकडे ये ना' म्हनलीस." ती जराशी हसली. "मला वाटलं, न्हाई ऐकलं तर परत बोलायची न्हाईस."

ट्रक वळणावर कलला आणि आम्ही दोघी एकमेकींवर आदळलो.

आज या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. पुढे मी गाणं शिकले, शिकवलं, लोकांनी कौतुकही केलं. पण कोणी माझ्या गाण्याबद्दल चांगलं बोललं की मला हौसाचं ते वाक्य आठवतं आणि मी कौतुक घेताना जरा अडखळते.

त्या स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी शाळेत मी दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकापाशी गेले. हौसानं वर बघितलं आणि ती भिंतीकडे सरकली. मी बसले. बोलायचं ठरवून आले होते, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. शेवटी विचारलं, "तुमच्या जुन्या गावात नदी कशी होती गं?"

वर्गाच्या बाई येऊन हजेरी घ्यायला लागल्या तरी ती सांगतच होती.